पदरावरचा मोर



प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत दोन वस्तू हमखास असतात. एक पाणी गाळायचं गाळणं आणि दुसरी चौकटीची वही. गाळणं कशाला ते तुम्हाला सांगायला नको. वही मात्र माझ्या वेडासाठी. कुठे जाळीची खिडकी दिसली, उंबऱ्यावरचं फूल दिसलं, कुणाच्या लुगड्याचा काठ आवडला की मी तिथेच थांबते आणि चौकटी मोजून उतरवून घेते. घरी आल्यावर त्याचं तोरण होतं, पोथीचं वेष्टन होतं, नाहीतर विधानाच्या वेळी रंगीत तांदळाच्या मांडण्यात ते उतरतं. आमचे हे गाडीत बसण्याआधीच सांगून टाकतात, "प्रत्येक नक्षीला दहा मिनिटं. अकरावं मिनिट झालं की हॉर्न वाजवीन."

गेल्या जानेवारीत आम्ही पाचजण निघालो होतो. हे, मी, सासूबाई, पुण्याला नोकरी करणारी लेक आणि इथेच अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकणारा धाकटा. लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. लग्नाआधी सगळ्यांनी मिळून एकदा तीर्थदर्शन करून यावं, असं सासूबाईंच्या मनात होतं. माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. येवल्याला जायचं आणि लेकीसाठी हातमागावरची खरी रेशमी पैठणी घ्यायची. माझ्या लग्नात ती जमली नव्हती. तोरणं विकून, ब्लाउजवर कशिदा करून अकरा वर्षं मी पैसे साठवले होते. ते कशासाठी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पहिला मुक्काम कारंजा. मूर्तिजापूरवरून गेलो, थंडी होती, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. आपल्यापैकी बऱ्याच जणींचं कारंजाशी काही ना काही नातं असतंच. आमच्या सासऱ्यांचं शिक्षण तिथल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात झालं. १९१८ साली सुरू झालेलं हे गुरुकुल. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक परंपरांची मंदिरं या एका गावात आहेत. लहानपणी मला वाटायचं, काष्ठासंघाच्या मंदिरात लाकडाचं कोरीव काम आहे म्हणूनच ते नाव पडलं असणार. तसं नाही, ते मुनिसंघाचं जुनं नाव आहे. पण लाकूडकाम पाहिलं की माझ्यासारखीची तशी समजूत होणं साहजिक आहे. मी खांबाजवळ बसून वही उघडली. त्या दिवशी हॉर्न दोनदा वाजला.

कारंजाची दुसरी श्रीमंती म्हणजे हस्तलिखितं. शेकडो वर्षं कपड्यात बांधून जपलेल्या पोथ्या. त्यांतूनच पुष्पदंत कवीचं अपभ्रंश भाषेतलं 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली छापून बाहेर आलं. धाकट्याने विचारलं, "त्यात काय आहे?" सासूबाईंनी मंदिराच्या ओट्यावर बसूनच गोष्ट सांगितली.

यशोधर राजाला वाईट स्वप्न पडलं. आई म्हणाली, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होईना. शेवटी आईच्या आग्रहापुढे त्याने मान तुकवली आणि पिठाचा कोंबडा करून तो कापला. पिठाचाच, पण कापताना मनात भाव मारण्याचा. तेवढ्या पापाने मायलेकरांना कितीतरी जन्म फिरावं लागलं. पुढच्याच जन्मी राजा मोर झाला आणि आई कुत्री.

"पिठाचा कोंबडा होता ना पण," धाकटा म्हणाला, "कोणी मेलंच नाही."

"म्हणून तं गोष्ट आहे," सासूबाई म्हणाल्या. "जीव मेला का नाई, एवढंच पाहत नाईत बाबू. मनात काय होतं, ते बी पाहतात."

मी ऐकत होते खरी, पण लक्ष निम्मं वहीतल्या वेलीकडे होतं.

जेवणं उरकून कारंजाजवळच समृद्धी महामार्गाला लागलो आणि दिवस मावळायच्या आत वाटेतच डबे सोडले. दशम्या, मुगाची उसळ, तिळाची चटणी. रात्री वेरूळला पोहोचून धर्मशाळेत झोपलो. सकाळी उठून, आवरून, आईंना हाताला धरून लेण्यांच्या दाराशी गेलो, तर दार बंद! त्या दिवशी मंगळवार होता आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. सगळं नियोजन माझं होतं, त्यामुळे मी गप्पच राहिले. यांनी एक शब्द काढला नाही, नुसतं माझ्या वहीकडे पाहिलं. मैत्रिणींनो, तुम्ही जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

सकाळी टेकडीवरच्या पार्श्वनाथ भगवानांचं दर्शन घेतलं. शके ११५६ चा, म्हणजे इसवी सन १२३४ च्या सुमाराचा लेख असलेली ती मूर्ती फार मोठी आणि फार शांत आहे. मग मी म्हटलं, दिवस वाया कशाला घालवायचा, येवला आजच करू. वैजापूरमार्गे निघालो.

येवल्यात ओळखीतून एका विणकराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मागावर घरधनी बसले होते आणि त्यांच्या पत्नी शेजारी कांड्या भरत होत्या. मागावर पदर चालू होता. मी तर बघतच राहिले. उभ्या धाग्यांखाली नक्षीचा कागद, आणि आडव्या धाग्यासाठी एक धोटा नाही, तर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो तिथे शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरायचं. त्यामुळे मागच्या बाजूला एकही सुटा धागा लोंबत नाही. काकूंनी पदर उलटा करून दाखवला. सुलट कुठली आणि उलट कुठली, मला ओळखता येईना. मी आयुष्यभर भरतकाम केलं आहे, कापडाच्या मागच्या बाजूला आपण किती गाठी लपवतो ते मला माहीत आहे. मी पटकन म्हटलं, "आई, हे तर उत्तम आर्जव झालं. आत एक बाहेर एक असं काही नाहीच." त्या हसल्या.

काका म्हणाले, दाट पदर असेल तर दिवसभरात एक-दोन बोटं काम पुढे सरकतं. मग त्यांनी तयार साड्या काढल्या. जांभळ्या अंगाची, हिरव्या काठाची, पदरावर बांगडी मोर. गोल बांगडीच्या आत चार मोर. मी लेकीच्या खांद्यावर पदर टाकला. अकरा वर्षं जे डोळ्यांपुढे होतं ते तसंच्या तसं समोर उभं राहिलं. माझे डोळे भरून आले.

लेक पदरावरच्या मोराकडे पाहत होती. म्हणाली, "आजी, हा यशोधर ना?" आम्ही सगळे हसलो. पण ती हसली नाही. तिने काकूंना विचारलं, "काकू, हा धागा काढतात कसा?"

काकूंनी सरळ सांगितलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. धागा बंगळूरकडून येतो. अळी तुतीचा पाला खाते, स्वतःभोवती कोश विणते. आतून पतंग बाहेर पडला तर कोशाला भोक पडून धागा तुटतो. म्हणून तो बाहेर पडण्याआधीच कोश वाफेत नाहीतर गरम हवेत ठेवतात, मग उकळत्या पाण्यात घालून टोक शोधतात. एका कोशाचा अखंड धागा हजार मीटरपर्यंत भरतो. "आणि एका साडीला किती कोश?" लेकीने विचारलं. "काही हजार," काका म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आपल्या सगळ्यांनाच कुठेतरी माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि लेकीने पदर खांद्यावरून हळूच काढून, घडी घालून परत ठेवणं वेगळं. ती म्हणाली, "आई, मला नको. पाठशाळेत आजीनेच शिकवलंय. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, करवून घेणं आणि केलेल्याला बरं म्हणणं. लग्नात मी हे नेसून उभी राहिले तर तिन्हींतलं एक तरी होईलच ना?"

मी काही बोलले नाही. काका-काकूंसमोर काय बोलणार? चहा नको म्हणून, पाणी पिऊन आम्ही उठलो. गाडीत मात्र माझा बांध फुटला. "मग मोतीही घालू नका. मंदिरात पूजेला रेशमी सोवळं नेसणाऱ्या बायका काय कमी धर्म पाळतात? आणि त्या विणकराच्या पोटाचं काय? अकरा वर्षांनी आज आठवलं का तुला?" लेकही बोलली. धाकटा मध्ये पडला, "आणि ताई, कापसाचं काय? बोंडअळीवर किती फवारे मारतात माहिती आहे? २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना माणसं दगावली." त्यामुळे दोघीही गप्प झालो. वैजापूर आलं, गेलं. दिवस मावळायच्या आत एका झाडाखाली डबे उघडले, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. सासूबाई मात्र दशमीचे बारीक तुकडे करत शांतपणे जेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, लेणी उघडली. तीस ते चौतीस क्रमांकाची ती आपली लेणी, नवव्या-दहाव्या शतकातली. बत्तिसावं, ज्याला इंद्रसभा म्हणतात, त्याचा वरचा मजला बघाच. छतात कोरलेलं मोठं कमळ आहे, खांबांवर पूर्णकलश, त्यांतून ओसंडणारी पानं. एरवी मी वेडी झाले असते. त्या दिवशी वही पिशवीतून काढलीच नाही.

एका बाजूला फणा धरलेल्या नागाखाली पार्श्वनाथ आणि त्यांच्यासमोर बाहुबली. पायांवरून, मांड्यांवरून, दंडांवरून वेली चढलेल्या. सासूबाई त्या मूर्तीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी जवळ गेले तशी म्हणाल्या, "तू या वेली काढून घेतल्या नाईस वं वहीत?"

"मन नाही लागत," मी म्हटलं.

"वर्षभर उभा होता तो. वेली चढल्या, मुंग्यांनी वारूळ केलं. त्यानं पाय झटकला नाई." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुले एक सांगू? मी रेशीम सोडूनशान तीस वर्सं झाले."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. तीस वर्षं! माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्यांच्यासाठी कितीदा साड्या आणल्या, त्यांनी कितीदा त्या नणंदांना, भाच्यांना देऊन टाकल्या. मला वाटायचं, यांना माझी आवड पटत नाही. त्यावरून मी मनात राग धरून बसले होते, माहेरी जाऊन रडलेही होते.

"मग मला सांगितलं का नाही कधी?"

"काहून सांगू? मी सोडलं ते माहं व्रत. तुह्यावर लादलं असतं तं ते व्रत राहिलं नसतं, सासुरवास झाला असता." आणि मग लेकीकडे बोट करून म्हणाल्या, "तिनं बी तुह्यावर लादू नये. तिनं तिचं सोडावं."

लेक मागेच उभी होती. तिने ऐकलं. धाकट्यानेही ऐकलं आणि त्याने परत कापसाचं काढलं. आजी, मग कापूस कसा चालतो? सासूबाई म्हणाल्या, "बाबू, श्वास घेतला तरी जीव मरते. शेती केली, चूल पेटवली, तरी मरते. गृहस्थाले सगळं सुटत नाई, म्हणूनच आपल्या व्रताले अणुव्रत म्हणतात. पण जे जाणूनबुजून, नटण्यासाठी होते, ते कमी करता येते का, एवढं तं पाहता येते." तो गप्प झाला. पटला की नाही माहीत नाही. त्याचा फवारणीचा प्रश्न मलाही अजून सुटलेला नाही.

लेकीने माझ्या पिशवीतून वही काढली आणि छतातलं कमळ काढायला बसली. तिला चित्र काढता येत नाही. कमळाच्या पाकळ्या वाकड्यातिकड्या आल्या. मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. आम्ही दोघींनी मिळून ते पान पुरं केलं. हॉर्न वाजला नाही, कारण हे आमच्या शेजारीच उभे होते.

घरी आल्यावर मी शोधायला लागले. पहिल्यांदा अहिंसा सिल्क सापडलं. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी ती वाट दाखवली. पतंग बाहेर पडू द्यायचा आणि मग रिकामा कोश कापसासारखा कातायचा. चकाकी थोडी कमी, धागा जाडसर. मला हायसं वाटलं. पण पुढे वाचलं, की माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळल्यामुळे तुतीच्या रेशमाच्या त्या पतंगाला उडताच येत नाही. खाता तर त्याला मुळातच येत नाही, काही दिवसांतच तो मरतो. मारत नाही हे खरं, तरी माझ्या मनाला पूर्ण समाधान झालं नाही. ज्यांना होतं त्यांच्याशी माझा वाद नाही.

मग एक गोष्ट कळली. जुन्या काळी पैठणीचं अंग सुती विणत आणि रेशीम काठ-पदरापुरतं असे. म्हणजे सूत काही आपल्या मनाचं नाही, पैठणीच्या घरातलंच आहे. मी येवल्याच्या काकांना फोन लावला. "काका, पदरसुद्धा सुती होईल का? त्याच पद्धतीने, तिल्ल्या घालून?" ते थोडे थांबले. म्हणाले, "मर्सराइज्ड सुताचा होईल. चमक रेशमाची येणार नाही. मेहनत तेवढीच." मी म्हटलं, "मग मजुरीही तेवढीच घ्या." साठवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त त्यात गेले. धागा स्वस्त, हात महाग. तसंच असायला हवं, असं मला तरी वाटतं. गाडीत मी त्यांच्या पोटाचं कारण पुढे केलं होतं, ते रागातलं बोलणं होतं. पण प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर माझ्याच हातात होतं.

नक्षीसाठी वहीतलं ते पान पाठवलं. पदरावर मोर नाहीत, वेरूळचं कमळ आहे, आणि काठाला बाहुबलींच्या अंगावरची वेल. वेल मी नंतर छायाचित्रावरून चौकटीत बसवली. साडी एप्रिलच्या शेवटी आली. उलटून पाहिली. मागची बाजू पुढच्यासारखीच होती.

वैशाखातलं अकोल्याचं लग्न कसं असतं ते आपल्याला ठाऊकच आहे. मंडपात भट्टी पेटलेली. काहीजणी कुजबुजल्या, "एकुलती एक लेक आणि सुती नेसवली?" मला लागलं ते बोलणं, खोटं कशाला सांगू. पण दुपारी बाराच्या मुहूर्ताला सगळ्या शालूत, रेशमात घामाने भिजलेल्या असताना माझी लेक वाऱ्यासारखी हलकी वावरत होती. आपण कापसाच्या मुलखातल्या बायका. सूत आपल्याला इतकं परकं कधी झालं, असा विचार तेव्हा मनात येऊन गेला.

शेवटी एक राहिलं. माझ्या कपाटात माझ्या आईचा रेशमी शालू आहे. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. तो नेसत नाही, टाकवतही नाही. उरलेल्या पैशांतून सुती धागा आणला आहे. लाकडी चौकटीवर सुया-तिल्ल्या घालून तीच अडकवायची पद्धत शिकते आहे. सासूबाईंच्या रोजच्या स्वाध्यायाच्या पोथीला वेष्टन करायचं आहे. तीन वेळा उसवलं. चौथ्यांदा कमळाच्या दोन पाकळ्या जमल्या. सासूबाई शेजारी बसून बघतात आणि म्हणतात, "घाई नको करू वं, पोथी कुठी पयून जात नाई."

तुमच्या घरी जुन्या रेशमाचं तुम्ही काय करता? मला खरंच कळवा. आणि वेरूळला जाल तर मंगळवार टाळा.

जय जिनेंद्र.